जड पाण्यातला आवाज: एका स्कॅनर हेडच्या कामाच्या नोंदी

६ फेब्रुवारी, बोईसर

अणुभट्टीतली नळी आतून आवाजानं (अल्ट्रासाऊंडनं) तपासणाऱ्या स्कॅनर हेडचं काम सुरू केलंय, त्यासाठी आज नळीचा तुकडा हातात आला. लांबी ३०० मिमी, आतला व्यास १०३.४ मिमी, भिंत ४.३ मिमी. झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांत याच मापाच्या नळ्या आडव्या बसवलेल्या आहेत, एकेका भट्टीत ३९२. आपला तुकडा कोरा आहे, भट्टीत कधीच न गेलेला, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न नाही. पावतीवर सही करून १५ मेपर्यंत परत द्यायच्या बोलीवर मिळालाय.

काकांनी तो दोन्ही हातांत घेऊन तोलून पाहिला. "स्टेनलेसपेक्षा हलका लागतोय रे." चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, हातालाच वजनकाटा बसलाय. झिर्कोनियमची घनता साडेसहाच्या आसपास, स्टेनलेसची आठच्या जवळ. बरोबर ओळखलं. त्यांना एवढंच बजावलं की याचा बारीक कीस पेट घेतो, त्यामुळे कोरड्यानं काही घासायचं नाही. तरी त्यांनी कोरड्या वाळूची बादली मशीनशेजारी आणून ठेवली.

८ फेब्रुवारी

काम कशासाठी चाललंय ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे अडीच महिन्यांनी चाचपडायला नको.

या नळीत इंधनाचे गठ्ठे बसतात. त्यांच्यावरून जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) वाहतं, तापमान तीनशे अंशांच्या घरात, दाब हवेच्या शंभरेक पट. नळीच्या बाहेर दुसरी पातळ नळी असते, कॅलॅन्ड्रिया ट्यूब. ती बाहेरच्या मॉडरेटरमुळे (न्यूट्रॉनचा वेग मंदावणाऱ्या थंड जड पाण्यामुळे) बरीच थंड. दोघींच्या मधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड वायू, आणि त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये स्प्रिंगच्या बांगड्या घातलेल्या, गार्टर स्प्रिंग. बांगडी सरकली की गरम नळी लवते आणि थंड नळीला टेकते. टेकलेली जागा गार पडते, धातूतला हायड्रोजन (इथे खरं तर ड्युटेरियम) त्या गार ठिपक्याकडे गोळा होतो, तिथे ठिसूळ फोड तयार होतो, आणि फोडातून तडा जातो. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडात पिकरिंगच्या दुसऱ्या अणुभट्टीत हेच झालं. नळी लांबीच्या दिशेनं दोनेक मीटर फाटली. ती झिर्कलॉय-२ या झिर्कोनियमच्या जुन्या मिश्रधातूची होती. आपल्याकडच्या जुन्या भट्ट्यांतही तोच धातू होता. पुढे त्यांतल्या बहुतेक भट्ट्यांच्या नळ्या एकेक करून बदलल्या आणि अडीच टक्के नायोबियमवाला धातू आला.

धातू बदलला म्हणून तपासणी सुटली असं नाही. ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, काक्रापारच्या पहिल्या भट्टीत एका चॅनेलमधून जड पाणी गळलं. तिथे नळ्या नव्या धातूच्या होत्या आणि गंजाचे ठिपके सापडले ते नळीच्या बाहेरच्या अंगाला. आपण तपासतो आतून. आवाज भिंतीतून पार जाऊन बाहेरच्या अंगाची खबर घेऊन परत यायला हवा. मला या कामात जे काही वाटतं ते सगळं या एका वाक्यात आहे.

भारतात हे काम करणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभी केली, बारसिस नावाची. माझं काम त्याच्या शेजारचं आणि छोटं आहे: हेडच्या आतच पाण्यातला आवाजाचा वेग सतत मोजत राहायचा आणि प्रत्येक वाचन तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. कल्पना नवी नाही. ती मुठीएवढ्या जागेत, पाण्यात, हलत्या हेडवर चालती करणं हे काम आहे.

११ फेब्रुवारी

आकडेमोड. साध्या पाण्यात २५ अंशांना आवाज सेकंदाला १४९७ मीटर जातो. जड पाण्यात त्याच तापमानाला सुमारे १४००. साडेसहा टक्के कमी.

माझ्या हेडमध्ये प्रोबच्या (आवाज सोडणाऱ्या आणि परतलेला ऐकणाऱ्या भागाच्या) तोंडापासून नळीच्या भिंतीपर्यंत २५ मिमी पाणी. साध्या पाण्यात आवाज जाऊन परत यायला ३३.४ मायक्रोसेकंद, जड पाण्यात ३५.७. साध्या पाण्याचा वेग धरून जड पाण्यात मोजलं तर भिंत २५ ऐवजी २६.७ मिमीवर दिसेल. दोन्ही बाजू धरल्या तर व्यासात साडेतीन मिमीची चूक. नळी वर्षानुवर्षं तापून, दाबाखाली राहून फुगते ती काही मिमीच. म्हणजे चूक मोजायच्या गोष्टीएवढीच मोठी.

तिरक्या प्रोबचं दुखणं वेगळं. साध्या पाण्यात तो असा लावला की धातूत ४५ अंशांनी आडवी लहर जाते, तर जड पाण्यात तीच ४९ अंशांनी जाते. बाहेरच्या अंगाला ती ज्या ठिकाणी पोचते ती जागा सुमारे ०.६ मिमी सरकते.

कॅलिब्रेशनची नळी त्याच पाण्यात, त्याच तापमानाला ठेवावी हा साधा नियम आहे आणि तो पाळला की निम्मं भागतं. पण बंद केलेल्या भट्टीतही पाणी सगळीकडे एकाच तापमानाचं नसतं. जड पाण्यात अंशामागे वेग अडीच-तीन मीटरनं बदलतो. दहा अंशांचा फरक पडला की २५ मिमीमागे अर्धा मिमी. शंका आली की हेड बाहेर काढा, पुन्हा कॅलिब्रेट करा, पुन्हा आत घाला.

आणि हे "पुन्हा" करायला आत कोणाला तरी जावं लागतं. माझा मोठा भाऊ शटडाऊनला कंत्राटी कामावर जातो, छातीला किरणोत्साराचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावून. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. दादाचे आकडे त्याच्या खूप खाली असतात, तो ते वहीत लिहून ठेवतो. तरी एक फेरी वाचली तर ती वाचलीच पाहिजे.

१९ फेब्रुवारी

नळीवर नॉच, म्हणजे तड्याची नक्कल करणाऱ्या बारीक खाचा, पाडून आल्या. ईडीएमवर (ठिणगीनं धातू कोरणाऱ्या यंत्रावर), तांब्याच्या पातळ इलेक्ट्रोडनं. ०.१५ मिमी खोल, ६ मिमी लांब. दोन आतून, दोन बाहेरून. प्रत्येकी एक उभी, एक आडवी. बाहेरची आडवी नॉच भिंगातून पाहिली तर एका टोकाला जराशी उथळ आहे. तसंच राहू दे, खऱ्या तड्याची टोकंही अशीच निमुळती असतात. नोंद मात्र करून ठेवली: टोकाला ०.१२.

२४ फेब्रुवारी

जड पाणी मिळणार नाही. ते वर्कशॉपमध्ये कॅनमधून आणायची वस्तू नाही आणि नसावीही. मग १४०० मीटर वेगाचं पाणी कुठून आणायचं, यावर आठवडाभर डोकं खाल्लं. साखर, मीठ, ग्लिसरीन, जे मिसळावं त्यानं वेग वाढतोच. स्पिरिटनंही थोड्या प्रमाणात आधी वाढतोच.

रात्री तक्ता बघताना उत्तर समोरच सापडलं. साधं पाणी शून्य अंशाला: १४०२.

बर्फाच्या पाण्यात आवाज जवळपास जड पाण्याच्याच वेगानं चालतो! दोन अंशांना १४१२, पाच अंशांना १४२६. टाकी गार केली की झालं. मनापासून आनंद झाला, अकरा वाजता काकांना फोन केला. ते म्हणाले, "बर्फ सातपाटीहून आणू. फॅक्टरीवर ओळख आहे माझी."

२७ फेब्रुवारी

सातपाटीहून दोन लाद्या आणल्या, भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून, टेम्पोच्या मागे. मासळीच्या खोक्यांशेजारी ठेवल्या होत्या, दुकानभर वास. फोडून टाकीत टाकल्या. तासाभरात पाणी तीन अंशांवर.

नळी आडवी ठेवली, चॅनेलमध्ये असते तशी. हेड आत घालून पहिली फेरी. एका फेरीत ७२० वाचनं, दर फेरीला १ मिमी पुढे.

घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे नळीच्या माथ्यावर, मागच्या भिंतीचा, म्हणजे बाहेरच्या अंगाचा, प्रतिध्वनी गायब. वीसेक मिमी रुंदीचा पट्टा, सलग. पडद्यावर हुबेहूब मोठ्या दोषासारखा. तुकडा कोरा आहे हे माहीत असूनही पोटात गोळा आला.

बराच वेळ गेन वाढवून, गेट हलवून बघितलं. मग आयटीआयचा पोरगा, जो आतापर्यंत गप्प बर्फ ढवळत होता, म्हणाला, "सर, नळीच फिरवून बघू का?"

नळी हातानं अर्धा फेरा फिरवली. पुन्हा स्कॅन. चारही नॉच फिरून खाली गेल्या. "दोष" माथ्यावरच राहिला.

जे नळीबरोबर फिरत नाही ते नळीत नसतं. बर्फ वितळताना त्यात अडकलेली हवा सुटते, बुडबुडे वर चढतात आणि आडव्या नळीच्या माथ्याला आतून चिकटून बसतात. बोटानं पुसलं, पट्टा गेला. पोराला त्या दिवशीचं जेवण मी दिलं आणि त्याची सूचना कार्यपद्धतीत पहिल्या पानावर लिहिली.

३ मार्च

बर्फ आता टाकीत टाकत नाही. पाणी आधी उकळून गार करून घ्यायचं, म्हणजे विरघळलेली हवा जाते, आणि मग तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचं. वेटोळं बर्फाच्या पिंपात. दोन अंशांपर्यंत यायला अडीच तास लागतात, पण बुडबुडा नाही.

१० मार्च

संदर्भ-पट्टीची पहिली आवृत्ती. हेडच्या पोटात ६ मिमी व्यासाचा छोटा १० मेगाहर्ट्झचा प्रोब आणि त्याच्यासमोर बरोबर २० मिमीवर घासून सपाट केलेली स्टेनलेसची पट्टी. मधून आवाज जाऊन येतो, वेळ मोजायची, वेग निघतो. २५ अंशांना २६.७२ मायक्रोसेकंद, दोन अंशांना २८.३३. मी १० नॅनोसेकंदांपर्यंत वाचतो, म्हणजे वेग अर्ध्या मीटरपर्यंत कळतो.

स्टेनलेस गारठ्यानं आकसतं त्याचाही हिशेब केला. २० मिमीमागे पंचवीस अंशांना ८ मायक्रॉन. एका वाचनाच्या पायरीएवढंच. इन्व्हारच्या (तापमानानं जवळपास न आकसणाऱ्या मिश्रधातूच्या) मागे लागायची गरज नाही.

१७ मार्च

पट्टी खोटं बोलतेय. टाकीच्या एका टोकाचं पाणी मुद्दाम गरम ठेवलं, दुसऱ्याचं गार. हेड गार टोकाकडून गरम टोकाकडे नेलं. थर्मोकपलवर तापमान लगेच चढलं. पट्टीचा वेग चढायला चार मिनिटं. तोवर सगळी वाचनं चुकीची दुरुस्त होत राहिली, आणि चुकीची दुरुस्ती ही दुरुस्ती नसण्यापेक्षा वाईट, कारण आकडा स्वच्छ दिसतो.

कारण उघड आहे. पट्टीची खोबण तीन बाजूंनी बंद. जुनं पाणी आतच कोंडून राहतं, हेड पुढे जातं तरी मागच्या जागेचं पाणी बरोबर घेऊन फिरतं.

२२ मार्च

काकांनी खोबणीच्या भिंती काढून टाकल्या. आता पट्टी दोन खांबांवर उभी आहे, चारही बाजूंनी उघडी. हेड फिरतं तेव्हा फिरण्यानंच पाणी मधून ढकललं जातं. उशीर चार मिनिटांवरून अकरा सेकंदांवर. खांब ४ मिमीचे ठेवावेत की ५, यावर आमची अर्धा तास वादावादी. ते म्हणाले, "चार मिमीचा खांब धक्का लागला की वाकतो. मग तुझे २० मिमी २० राहतील का?" पाच ठेवले.

२ एप्रिल

बर्फाचा भाव वाढलाय. बोटी भरपूर जातायत, फॅक्टरीवर आधी त्यांचा नंबर. आम्हाला दुपारी तीननंतर मिळतो. काम संध्याकाळी सुरू, रात्री एकपर्यंत.

५ एप्रिल

गार पाण्यात बाहेरच्या नॉचचा प्रतिध्वनी ४ डेसिबलनं कमी. का?

दीड डेसिबलचा हिशेब लागतो. गार पाणी आवाज जास्त शोषतं, १० मेगाहर्ट्झला ५० मिमीच्या वाटेत साधारण तेवढा फरक पडतो. ही बर्फाच्या युक्तीची मर्यादा आहे, वेग जुळला म्हणून बाकी सगळं जुळत नाही. कोन ४५ वरून ४९ झाला, पण नॉचच्या कोपऱ्यातून परतावा दोन्ही कोनांना चांगलाच मिळतो. मग उरलेले अडीच डेसिबल कुठे गेले?

७ एप्रिल

सापडलं. प्रोबच्या तोंडावर प्लास्टिकचं भिंग आहे. ते आवाज एका बिंदूवर आणतं ते पाण्यातला आणि भिंगातला वेग वेगळा असल्यामुळे. पाण्यातला वेग कमी झाला की तफावत वाढते आणि बिंदू जवळ येतो. माझ्या ४० मिमीच्या फोकसचा हिशेब केला तर ३७ मिमी निघतो. प्रोब तीन मिमी पुढे सरकवून पाहिला: दोन डेसिबल परत आले.

याचा अर्थ जड पाण्यासाठी भिंग जड पाण्याचा वेग धरूनच घासलं पाहिजे. सॉफ्टवेअर वेळ दुरुस्त करेल, कोन दुरुस्त करेल. चुकलेला फोकस त्याला परत आणता येत नाही. ही गोष्ट कुठल्याही कॅटलॉगात ठळक लिहिलेली मी पाहिलेली नाही. तिथे फोकस पाण्यात इतका, एवढंच असतं. कुठलं पाणी, किती अंशांना, हे विचारणाऱ्यानं विचारायचं.

१८ एप्रिल

आज दिवसभर एकामागून एक मोजमापं. आतला व्यास बोअर गेजनं आधी मोजून घेतला: १०३.४१.

२८ अंश, दुरुस्तीसह: १०३.४३.
२ अंश, दुरुस्तीशिवाय: १०६.७.
२ अंश, दुरुस्तीसह: १०३.४५.

तिसरा आकडा मी पाच वेळा घेतला. ४३, ४५, ४५, ४६, ४५. पोरानं प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला आणि काकांनी चष्मा लावून वहीत स्वतःच्या हातानं लिहिला. चारही नॉच दोन्ही तापमानांना सापडल्या, बाहेरच्या आडव्या नॉचचं उथळ टोक गार पाण्यात मात्र धूसर आहे. ते ०.१२ चं टोक मला हवं आहे. नव्या भिंगाची ऑर्डर दिली.

२६ एप्रिल

आज दादा वर्कशॉपवर आला. त्याला हेड दाखवलं, आकडे दाखवले. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बाकी ठीक आहे. हे केबलला जोडायचं कसं ते दाखव."

कनेक्टर दाखवला. त्यानं पिशवीतून हातमोजे काढले, आधी सुती, त्यावर रबरी, दोन्ही. आणि कनेक्टर लावायला घेतला. नट बोटात येईना. खाच दिसेना, कारण मान वाकवली की तोंडावरचा मास्क हनुवटीला लागतो, तसा तो हातानं धरून दाखवत होता. दोनदा आटे चुकीचे चढले. मी घड्याळ लावलं होतं: तीन मिनिटं चाळीस सेकंद. हाच कनेक्टर मी टेबलावर उघड्या हातानं वीस सेकंदांत लावतो.

"आत मी घड्याळ बघत नाही," दादा म्हणाला, "घड्याळ माझ्याकडे बघत असतं."

तीन महिने मी मायक्रोसेकंद मोजले. हे मिनिट माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

३ मे

नवा नट. व्यास १४ वरून ३० मिमी, बाहेरून खोल खाचा, अर्ध्या फेऱ्यात बसणारा बायोनेट. खाच डोळ्यांनी शोधायला लागू नये म्हणून एका बाजूला अंगठ्याएवढा उंचवटा, दोन्ही मोज्यांतून लागेल असा. हेडची शेपटी १६ मिमीनं जाड झाली. काकांना ते आवडलेलं नाही, त्यांच्या मते हेड बेढब दिसतं. दिसू दे.

९ मे

नवं भिंग आलं. दोन अंशांना फोकसचा बिंदू ३७ ऐवजी पुन्हा ४० मिमीवर येतो, आणि उथळ टोक आता पडद्यावर नॉइजच्या वर ६ डेसिबल उभं राहतं. बारीक, पण स्वच्छ. नळी फिरवली, तेही बरोबर फिरलं.

बाकी राहिलेलं: प्रोबमागच्या इपॉक्सीला गॅमा किरणांचा डोस देऊन बघायचा आहे, ते इथे होणार नाही, त्यासाठी अर्ज केलाय. लांब केबलवर १० मेगाहर्ट्झचा सिग्नल किती खचतो ते मोजायचं आहे. आतापर्यंतचं सगळं तीन मीटर केबलवर झालंय.

१३ मे

दादानं दोन्ही मोजे घालून, डोळे मिटून कनेक्टर लावला. पहिल्यांदा ३१ सेकंद, दुसऱ्यांदा २२, तिसऱ्यांदा २४. मग काकांनी करून बघितला, मग पोरानं. पोराला १९ लागले.

तुकडा पुसून, कोरडा करून, आला होता त्याच कागदात गुंडाळला. नॉचची मापं आणि जागा यांचा तक्ता सोबत ठेवला, उथळ टोकासकट. परवा परत द्यायचाय, जाताना गाडी काका चालवणार आहेत.